इंटरनेटच्या कारभाऱ्यांचे परीक्षक

या संस्थेने यापुढे अस्तित्वात राहावे असे काही कारण उरले आहे का? असल्यास तिची रचना किंवा कामाची पद्धत बदलायला हवी का? स्वतःच्या समित्यांना असे प्रश्न ठरावीक काळाने विचारायचे, आणि तेही बाहेरच्या माणसाकडून, हा नियम फार थोड्या संस्थांनी आपल्या घटनेत लिहून ठेवला आहे. इंटरनेटवरच्या नावांचा आणि क्रमांकांचा कारभार पाहणाऱ्या ‘आयकॅन’ या संस्थेने तो डिसेंबर 2002 मध्ये लिहिला. त्या एका कलमातून एक छोटासा, फारसा कुणाच्या नजरेत न भरलेला व्यवसाय उभा राहिला. इंटरनेटच्या कारभाऱ्यांचा कारभार तपासणाऱ्या सल्लागार संस्थांचा हा व्यवसाय आहे. लंडनच्या विद्यापीठातली मंडळी, पॅरिसची सल्लागार संस्था, बोस्टनची बडी कंपनी आणि न्यूझीलंडच्या वेलिंग्टन शहरातली ‘वेस्टलेक’ ही त्यातली काही नावे.

हे कलम का लिहावे लागले, ते समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

एके काळी जगभरच्या इंटरनेट पत्त्यांची व्यवस्था जवळजवळ एका माणसाच्या हातात होती. जॉन पोस्टेल हे त्यांचे नाव. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत बसून, अमेरिकन सरकारच्या कंत्राटावर, ते कोणता क्रमांक कुणाला आणि कोणत्या देशाचे आद्याक्षर कुणाच्या ताब्यात याची नोंद ठेवत. लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता आणि तो रास्त होता. पण एखाद्याच्या सचोटीवर चालणारी व्यवस्था किती नाजूक असते, ते 28 जानेवारी 1998 रोजी दिसले. पोस्टेल यांनी जगातल्या मूळ नामसूचीचे सर्व्हर चालवणाऱ्या आठ जणांना ई-मेल पाठवून, सूची यापुढे आपल्या संगणकावरून घ्यावी, असे सांगितले. त्यांनी ते ऐकले. काही दिवस इंटरनेटची मूळ सूची दोन ठिकाणांहून वाटली जात होती. वापरणाऱ्या सामान्य माणसाला काहीच जाणवले नाही, पण क्लिंटन प्रशासनात खळबळ उडाली. राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी हस्तक्षेप केला आणि पोस्टेल यांनी ही एक चाचणी होती असे सांगून सर्व काही पूर्ववत केले. दोनच दिवसांनी, 30 जानेवारीला, अमेरिकन सरकारने या व्यवस्थेच्या खासगीकरणाचा पहिला मसुदा जाहीर केला.

त्या प्रक्रियेतून 30 सप्टेंबर 1998 रोजी कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली ना-नफा संस्था म्हणून आयकॅन नोंदली गेली. पोस्टेल नव्या संस्थेत तांत्रिक बाजू सांभाळणार होते. 16 ऑक्टोबर 1998 रोजी, वयाच्या 55 व्या वर्षी, ते वारले. ज्यांच्या शब्दावर सगळे चालत होते ते गेले, आणि मागे उरली ती नुकतीच जन्मलेली, कुणीच न निवडलेली एक संस्था.

या संस्थेवर लक्ष कोण ठेवणार, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. 2000 साली एक धाडसी उत्तर पुढे आले. संचालक मंडळातल्या पाच जागांसाठी जगभरच्या सामान्य वापरकर्त्यांनी इंटरनेटवरून मतदान करावे, असे ठरले. सुमारे 34 हजार लोकांनी मते दिली. उत्तर अमेरिकेतून कार्ल ऑरबाख आणि युरोपातून अँडी म्युलर-मागून असे दोघे निवडून आले, आणि दोघेही आयकॅनचे कडवे टीकाकार होते. ऑरबाख यांनी संचालक या नात्याने संस्थेचे हिशेब आणि दप्तर पाहायला मागितले. आधी गोपनीयतेच्या अटी मान्य करा, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि मार्च 2002 मध्ये न्यायालयात धाव घेतली. त्याच वर्षी जुलैमध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. संचालकाला दप्तर पाहण्याचा हक्क आहे, इतकी साधी गोष्ट न्यायाधीशांकडून वदवून घ्यावी लागली.

पण तोवर वारे फिरले होते. आयकॅनचे अध्यक्ष स्टुअर्ट लिन यांनी फेब्रुवारी 2002 मध्येच लिहिले होते, की संस्था आहे त्या रचनेत यशस्वी होऊ शकणार नाही. त्यानंतरच्या सुधारणांत जनतेने संचालक निवडण्याची पद्धत मोडीत निघाली. त्या जागी नामनिर्देशन समिती आली, डोमेन नावांची धोरणे ठरवणारी ‘जीएनएसओ’ आली, सामान्य वापरकर्त्यांसाठी केवळ सल्ला देणारी अ‍ॅट-लार्ज समिती आली. आणि 15 डिसेंबर 2002 पासून लागू झालेल्या नव्या घटनेत ते कलम आले: शक्य असल्यास दर तीन वर्षांनी यातल्या प्रत्येक अंगाचे परीक्षण त्या अंगापासून स्वतंत्र असलेल्या कुणीतरी करावे. एक अपवाद मात्र त्याच कलमात होता. सरकारांच्या सल्लागार समितीला हे परीक्षण लागू नव्हते.

या अदलाबदलीकडे नीट पाहायला हवे. मतदाराचा हक्क गेला आणि त्याच्या जागी परीक्षकाचा अहवाल आला. मतदार संचालकाला घरी पाठवू शकतो. परीक्षक फक्त शिफारस करू शकतो, आणि ती स्वीकारायची की नाही, हे ज्याने त्याला नेमले तोच ठरवतो. पुढच्या वीस वर्षांचा सगळा इतिहास या एका फरकाभोवती फिरतो.

पहिले मोठे परीक्षण 2006 साली झाले. ‘लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’च्या सार्वजनिक धोरण गटाने जीएनएसओ तपासली. डॉट कॉम, डॉट ऑर्ग अशा नावांचे नियम इथे ठरतात, त्यामुळे पैसा आणि हितसंबंध सर्वांत जास्त याच अंगात गुंतलेले आहेत. त्या वेळी तिथे सहा गट होते आणि नावे विकणाऱ्या दोन गटांच्या मतांना दुप्पट वजन होते. लंडनच्या अभ्यासकांनी काही हातचे राखून ठेवले नाही. मूठभर माणसेच सगळीकडे दिसतात, सदस्य नेमके कुणाचे प्रतिनिधित्व करतात ते कळत नाही, पदांना मुदतीची मर्यादा नाही, असे त्यांनी लिहिले. त्यांनी 24 शिफारशी केल्या आणि त्या थेट रचनेला हात घालणाऱ्या होत्या.

आणि रचना खरोखर बदलली. दोन वर्षांच्या वादावादीनंतर, 2008 मध्ये, जीएनएसओची परिषद दोन सभागृहांत विभागण्याचे ठरले. आयकॅनशी करार असलेल्या कंपन्या एका बाजूला, बाकीचे व्यापारी व बिगरव्यापारी वापरकर्ते दुसऱ्या बाजूला. नवी परिषद ऑक्टोबर 2009 मध्ये सोलच्या बैठकीत स्थानापन्न झाली. परीक्षकाला रचनेवर बोलू दिले तर काय होऊ शकते, याचे हे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

त्याच सोलच्या बैठकीत लॅटिनेतर लिपीतल्या देशनिदर्शक नावांना जलद मान्यता देण्याची योजना संचालक मंडळाने मंजूर केली, हेही इथे नोंदवायला हवे. त्या योजनेतूनच पुढे भारताला ‘डॉट भारत’ मिळाले. 27 ऑगस्ट 2014 रोजी ते देवनागरीत सुरू झाले आणि हिंदी, कोकणी, नेपाळी अशा सात भाषांबरोबर मराठीलाही आपल्या लिपीत पत्ता लिहिता येऊ लागला. आयकॅनच्या बैठकांतले निर्णय मराठी माणसापर्यंत पोचतात ते असे.

वेस्टलेक या कहाणीत आली 2008 मध्ये. वेलिंग्टनच्या या संस्थेचे मूळ काम कंपन्यांच्या आणि सार्वजनिक संस्थांच्या संचालक मंडळांना कारभाराविषयी सल्ला देण्याचे. मंडळ बैठकीत वेळ कशावर घालवते, अध्यक्ष आणि मुख्य अधिकारी यांच्यातली सीमारेषा कुठे आहे, सदस्यांकडे लागणारी कौशल्ये आहेत का, अशा प्रश्नांची उत्तरे मुलाखतींतून आणि प्रश्नावलींतून काढायची, हा या धंद्याचा हातखंडा. हे कौशल्य इंटरनेटच्या स्वयंसेवक समित्यांना लावायचे म्हणजे मोठेच आव्हान होते. कंपनीच्या मंडळात दहा-बारा माणसे असतात आणि त्यांचे उद्दिष्ट सहसा एक असते. इथे शेकडो माणसे, पाच खंडांत विखुरलेली, बहुतेक बिनपगारी, आणि एकमेकांच्या विरुद्ध हितांची.

वेस्टलेकच्या वाट्याला आधी आली ती अ‍ॅट-लार्ज समिती, म्हणजे 2002 मध्ये मताधिकार गमावलेल्या सामान्य वापरकर्त्यांचे उरलेसुरले स्थान. जगाच्या पाच विभागांतून प्रत्येकी दोन आणि नामनिर्देशन समितीने नेमलेले पाच, असे 15 सदस्य. अहवाल जुलै 2008 मध्ये आला. त्यात नियोजन, प्रशिक्षण, कर्मचाऱ्यांची मदत अशा कामकाजाच्या गोष्टींवर भर होता. त्यावर विचार करायला संचालक मंडळाने नेमलेला कार्यगट मात्र जून 2009 मध्ये आणखी पुढे गेला आणि सामान्य वापरकर्त्यांना मंडळात मताधिकारासह दोन जागा द्या, असे त्याने सुचवले. मंडळाने एक दिली. डिसेंबर 2010 मध्ये कार्ताहेनाच्या बैठकीत फ्रान्सचे सेबास्तियाँ बाशोले त्या जागेवर बसले. 2000 साली पाच संचालक निवडून देणाऱ्या जनतेला दहा वर्षांनी एक जागा परत मिळाली. ती परत मिळण्यात परीक्षणाच्या प्रक्रियेचा मोठा वाटा होता, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे.

त्या काळात परीक्षणांचा हंगामच चालू होता. ब्रिटनच्या ‘वन वर्ल्ड ट्रस्ट’ने 2007 मध्ये उत्तरदायित्व आणि पारदर्शकता तपासली. आयकॅन भरपूर माहिती खुली करते, पण लोकांनी दिलेल्या सूचनांचे पुढे काय झाले ते समजावून सांगण्यात कमी पडते, हा त्यांचा निष्कर्ष आजही लागू पडावा असा आहे. ‘इंटरआइल’ने नामनिर्देशन समिती पाहिली. ‘बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप’ने 2008 मध्ये खुद्द संचालक मंडळ तपासले. मतदार आणि बिनमताचे मिळून 21 जण एका टेबलाभोवती बसतात, मंडळ लहान करा, असा सल्ला त्यांनी दिला. मंडळ लहान झाले नाही.

परीक्षकाने इतरांच्या रचनेबद्दल बोललेले मंडळाने अमलात आणले आणि स्वतःच्या रचनेबद्दल बोललेले बाजूला ठेवले. नेमणारा आणि तपासला जाणारा एकच असेल तर असे होणारच.

वेस्टलेकचे सर्वांत महत्त्वाचे काम त्यानंतर आले. 2014 मध्ये जीएनएसओच्या दुसऱ्या परीक्षणासाठी तिची निवड झाली. या वेळी काळ मोठा धामधुमीचा होता. 2013 मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकन पाळतीची प्रकरणे उघड केली होती. त्या ऑक्टोबरात माँटेव्हिडिओ इथे आयकॅनसह इंटरनेटच्या प्रमुख तांत्रिक संस्थांच्या नेत्यांनी एकत्र निवेदन काढले होते, आणि 14 मार्च 2014 रोजी अमेरिकन सरकारने मूळ सूचीवरची आपली देखरेख सोडण्याचा इरादा जाहीर केला होता. सरकार बाजूला झाल्यावर आयकॅनला विचारणारे कोण, हा प्रश्न जगभर चर्चेत होता. अशा वेळी परीक्षकाकडून खूप अपेक्षा असणे स्वाभाविक होते.

पण कार्यकक्षा अरुंद ठेवली गेली. परीक्षण कामाच्या परिणामकारकतेपुरते होते. दोन सभागृहांची रचना योग्य आहे का, हा प्रश्न बाहेर ठेवला होता. अनेक सहभागी गटांना हेच सर्वांत जास्त खटकले. रचनेतच खोट आहे असे ज्यांना वाटत होते, त्यांच्या दृष्टीने हे परीक्षण मूळ दुखण्याला हात न लावताच संपणार होते. घटनेतल्या कलमात रचनेचा उल्लेख स्पष्ट असताना तो प्रश्न कार्यकक्षेबाहेर ठेवणे, हा या सगळ्या प्रवासातला सर्वांत चुकीचा निर्णय म्हणायला हवा. त्याचा दोष परीक्षकाचा नाही, ज्याने प्रश्नपत्रिका काढली त्याचा आहे.

तरीही सप्टेंबर 2015 मध्ये आलेला वेस्टलेकचा अंतिम अहवाल वाचण्यासारखा आहे. त्यात 36 शिफारशी होत्या. कार्यगटांत उत्तर अमेरिका आणि युरोपचा वरचष्मा आहे, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना सहभाग जड जातो, तीच ती माणसे दमून जाईपर्यंत राबतात आणि नवी माणसे टिकत नाहीत, हे निदान त्यातून पुढे आले. इंग्रजी न बोलणाऱ्यांच्या वाटेतले अडथळे कसे कमी करता येतील ते शोधा, असे त्यात होते. नवा कार्यगट नेमताना प्रदेश, संस्कृती आणि स्त्री-पुरुष यांचे वैविध्य शक्य तितके असावे, असेही होते.

आणि 32 व्या क्रमांकाची एक शिफारस होती. ‘सांस्कृतिक वैविध्य’ म्हणजे काय याची व्याख्या करा, ती करताना माणसाची जन्मभाषा हा निकष वापरता येईल, आणि मग प्रदेश, लिंग, वय यांच्याबरोबर त्याचे आकडे मोजून प्रसिद्ध करत राहा.

जून 2016 मध्ये संचालक मंडळाने 36 पैकी 34 शिफारशी स्वीकारल्या. दोन नाकारल्या. एक होती बिगरकरारी सभागृहात नव्या गटांना परिषदेची दारे उघडण्याची, म्हणजे रचनेच्या प्रश्नाला जाऊन भिडणारी. दुसरी ही 32 वी.

कोट्यवधी लोक बोलत असलेल्या, पण इंटरनेटच्या कारभारात जवळजवळ ऐकू न येणाऱ्या मराठीसारख्या भाषेच्या दृष्टीने ही शिफारस अमूल्य होती. भौगोलिक वैविध्य मोजले की आशिया-प्रशांत हा एक रकाना होतो. त्यात सिडनीचा वकील बसला तरी रकाना भरतो आणि सोलापूरची शिक्षिका बसली तरी भरतो. जन्मभाषा विचारली की मात्र खोलीत कोण नाही, ते लगेच दिसते. वेलिंग्टनच्या परीक्षकांना हे सुचले, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे.

कल्पना अगदी मेली नाही. अमेरिकन सरकारच्या देखरेखीचा करार 1 ऑक्टोबर 2016 रोजी संपला, आणि उत्तरदायित्वावर काम करणाऱ्या समाजगटाने जून 2018 च्या अहवालात वैविध्याचे सात घटक सांगितले. त्यात भाषा होती. नोव्हेंबर 2019 मध्ये मंडळाने तो अहवाल स्वीकारला. 2015 मध्ये सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दारातून चार वर्षांनी आत आली.

सरकारी देखरेख संपल्यानंतरची आयकॅनची पहिली बैठक भारतात झाली. 3 ते 9 नोव्हेंबर 2016, हैदराबाद. तीन हजारांहून अधिक लोक आले होते. भारताशी या कारभाराचे नाते त्याआधीचे आहे. 2004 साली इंटरनेटच्या कारभाराची व्याख्या करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या कार्यगटाचे अध्यक्ष नितीन देसाई होते, मुंबई विद्यापीठात शिकलेले. तेव्हा जगातली सरकारे आणि आयकॅन यांच्यातला तिढा त्यांच्यासमोर होता.

वेस्टलेकच्या 34 शिफारशींच्या अंमलबजावणीचा आराखडा 2017 च्या सुरुवातीला मंजूर झाला. बऱ्याचशा गोष्टी आम्ही आधीच करत आहोत, असे उत्तर पुष्कळ शिफारशींना मिळाले. कुठलाही मोठा बदल त्यातून झाला नाही. 2006 च्या 24 शिफारशींनी परिषदेचा चेहरा बदलला होता, 2015 च्या 36 शिफारशींनी तिची कार्यपद्धती थोडी नीटनेटकी केली. दोन्ही परीक्षक सक्षम होते. फरक त्यांना दिलेल्या प्रश्नात होता.

याच्या नेमके उलटे चित्र 2017 मध्ये दिसले. पॅरिसच्या ‘आयटेम्स इंटरनॅशनल’ने अ‍ॅट-लार्ज समितीचे दुसरे परीक्षण केले आणि रचनाच बदलणारा नवा नमुना सुचवला. संघटनांऐवजी व्यक्तींना थेट सदस्यत्व आणि अधिकार द्यावेत, हा त्याचा गाभा. अ‍ॅट-लार्जच्या कार्यकर्त्यांनी तो ठामपणे नाकारला, स्वतःचा पर्यायी प्रस्ताव मांडला, आणि जून 2018 मध्ये मंडळाने तोच मान्य केला. म्हणजे बाहेरच्याने रचनेवर बोट ठेवले तरी आतल्यांची संमती नसेल तर ते बोट तिथेच राहते. आतल्या माणसांना सोडून सुधारणा होत नाही, हे खरेच. पण आतल्यांनी नाकारले म्हणून निदान चूक ठरत नाही, हेही तितकेच खरे.

या सगळ्या खटाटोपाला माणसेही कंटाळली. परीक्षण, त्यावर प्रतिक्रिया, व्यवहार्यतेची तपासणी, अंमलबजावणीचा आराखडा, त्याचे अहवाल आणि तेवढ्यात पुढचे परीक्षण. तीन वर्षांचा काळ आधीच पाच वर्षांवर नेला होता. शेवटी उत्तरदायित्व आणि पारदर्शकता तपासणाऱ्या तिसऱ्या पथकाने 2020 मध्ये सुचवले, की एकेका अंगाचे बाहेरच्या संस्थेकडून होणारे हे परीक्षण थांबवावे, प्रत्येक अंगाने सातत्याने स्वतःच सुधारणा करत राहावी, आणि ठरावीक काळाने सर्व अंगांचे मिळून एकच समग्र परीक्षण व्हावे. त्या नोव्हेंबरात मंडळाने या दिशेला मान्यता दिली.

समग्र परीक्षणाची कल्पना चांगली आहे, कारण तिथे तरी रचनेचा प्रश्न टाळता येणार नाही. स्वतःच स्वतःची सुधारणा करण्याची कल्पना मात्र धोक्याची आहे. पोस्टेल यांच्यासारख्या सचोटीच्या माणसाच्या हातात सगळे असतानाही बाहेरून पाहणारे कुणीतरी लागलेच. वेस्टलेकसारख्या संस्थांनी वर्षानुवर्षे जे काम केले त्याची किंमत अहवालाच्या पानांत कमी आणि त्यासाठी घेतलेल्या मुलाखतींत जास्त आहे. एकमेकांशी न बोलणारे गट परक्या माणसाशी मोकळेपणी बोलले आणि ते कागदावर आले. ही सोय घालवू नये.

आयकॅनच्या धोरणांचे मसुदे आणि परीक्षणांचे अहवाल लोकांच्या सूचनांसाठी खुले केले जातात, आणि सूचना पाठवायला कुठल्याही गटाचे सदस्यत्व लागत नाही. आपल्या लिपीत पत्ता लिहिणाऱ्या, भाषेचे काम करणाऱ्या मराठी संस्थांनी आणि तंत्रज्ञांनी पुढच्या समग्र परीक्षणाची कार्यकक्षा ठरत असतानाच तिथे दोन मागण्या लेखी नोंदवाव्यात: रचनेचा प्रश्न त्यात असू द्या, आणि 2015 ची 32 वी शिफारस पुन्हा विचारात घ्या.